घराखाली आणि घर खाली

मंडळाच्या अंकासाठी लिहा म्हणून सांगायला आले तेव्हा मी विचारलं, "बट्टीची कृती देऊ का?" दरवर्षी बायकांकडून तेच घेतात. तर म्हणाले, नाही सुनंदाताई, तुमच्या मेट्रोचं लिहा. माझी मेट्रो. जशी काही मी बोगदा खणत होते.

सुरतेच्या गोडादऱ्यात आमच्या गल्लीत सगळ्यांना तसंच वाटतं. सकाळी अंगावर पोपटी जॅकेट, हातात पिवळं हेल्मेट घेऊन निघाले की समोरची म्हणायची, "निघाली व बाई जमिनीत." खरं सांगायचं तर मी इतक्या वर्षांत दोनदा बोगद्यात उतरले. माझं सगळं काम वर, लोकांच्या दारात. सुरतेच्या जमिनीखालून गाडीचा मार्ग पुढे पुढे वाढवत नेतात, तेव्हा ज्यांच्या पायाखालून तो जाणार त्यांना आधी जाऊन सांगायचं, त्यांचं ऐकायचं आणि शिव्या खायच्या. पगार या तिसऱ्या कामाचा होता असं माझं मत आहे.

ही नोकरी मला मिळाली ती जिभेमुळे. लग्नानंतर किती वर्षं मी घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवल्या. घरात अहिराणी, शेजारी मराठी, माल देणाऱ्या शेठशी गुजराती, पोरांच्या शाळेत हिंदी. ठेकेदाराला अशी बाई हवी होती जी चारही भाषांत भांडू शकेल. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "लोक ओरडले तर काय कराल?" मी म्हटलं, "साहेब, मला तीन नणंदा आहेत." लगेच रुजू करून घेतलं.

आता काम काय ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. बोगदा खणणारं मशीन एखाद्या आडव्या पिंपासारखं असतं. पुढचं तोंड गोल फिरत माती कातरतं आणि मागे लगेच काँक्रीटची कडी बसत जाते. वरच्या माणसाला काही कळू नये असाच सगळा बेत असतो. पण माती ती माती, थोडी बसतेच. म्हणून मशीन यायच्या आधी रस्त्यातलं प्रत्येक घर तपासायचं. भिंतीला जुनी चीर असेल तर तिचा फोटो काढायचा आणि तिच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवायची. भिंत हलली तर काच तडकते. शिवाय भिंतीवर छोटी चकचकीत चकती लावायची, म्हणजे लांबून दुर्बिणीच्या यंत्रातून बघितलं की घर जागेवर आहे की सरकलं ते कळतं. आणि एखादं घर फारच नाजूक असेल तर मशीन खालून जाईपर्यंत थोडे दिवस तिथली माणसं हॉटेलात हलवायची.

ऐकायला सोपं वाटतं. एका घरातली चकती यंत्रात दिसेनाशी झाली. आमचा सर्वेक्षण करणारा राऊत घाबरला, भिंत पडली की काय. पळत जाऊन बघतो तर घरच्या आजीबाईंनी चकतीला कुंकू फासलं होतं आणि वर झेंडूची माळ. कंपनीने लावलीय म्हणजे घर राखायलाच लावली असणार, मग पूजा नको का, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या एका घरात काच तडकली. मोठे साहेब, छोटे साहेब, सगळे धावले. निघालं काय, तर सूनबाई रोज त्याच भिंतीला खेटून दस्त्याने शेंगदाणे कुटायची. सुरतेत घोटाळ्याला लोचो म्हणतात आणि नाश्त्यालाही लोचोच म्हणतात. त्या दिवशी त्या घरात आम्हाला दोन्ही मिळाले.

सगळंच हसण्यासारखं नव्हतं. जुन्या गावात पत्र्यांचं कुंपण घातलं आणि त्याच्या मागे एक न्हावी अडकला. चांगला माणूस, मला रोज रामराम करायचा. कुंपण वळसा घालून दाढीला कोण येणार? मी वर तीनदा बोलले, पत्र्यात वाट काढून द्या म्हणून. वाट निघाली तेव्हा तो दुकान उचलून पार लांब डिंडोलीला गेला होता. अजून त्या जागेवरून जाताना मला वाईट वाटतं.

पण मला सांगायचंय ते मंजुबांचं.

आमचा बोगदा वाढत वाढत जुन्या गावात शिरला तिथे एक शेरी आहे. शेरी म्हणजे अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना लाकडी खांबांची जुनी घरं, प्रत्येकापुढे ओटला, म्हणजे आपला ओटा. त्यातल्या मधल्या घरात मंजुबा आणि त्यांचे यजमान बापूजी राहायचे. दोघंच. मंजुबा म्हणजे शेरीचं पोलीस ठाणं. कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या घरी काय शिजलं, सगळं त्यांना ओटल्यावरून कळायचं. बापूजी आत झोपाळ्यावर बसलेले असायचे, हसरे, गोरेपान. मी गेले की उठायचे, कोपऱ्यातल्या मटक्यातून पाणी काढायचे आणि माझ्या पुढ्यात पेला धरायचे. थेंब सांडायचा नाही.

मशीन त्या शेरीजवळ यायला लागलं त्याच सुमारास माझ्या भाचीचा साखरपुडा निघाला. अमळनेरला गेले. जाताना राऊतला सांगून गेले, "बाबा रे, तू फक्त मोजमाप कर. बोलू नको. बोलायचं ते मी आल्यावर." राऊत वर्ध्याचा. मुलगा गुणी, कामाला वाघ, पण नुकतंच गुजराती शिकला होता आणि ते कुठे वापरू असं त्याला झालं होतं.

मी परत आले तर शेरी पेटलेली. सगळ्या बायका ओटल्यांवर, पुरुष कामावर गेलेले नाहीत आणि मंजुबांनी दाराला आतून लाकडी पेटी लावलेली. मला बघून एकीने तोंड फिरवलं. कालपर्यंत मला चहा पाजणाऱ्या बायका या. मी दाराच्या फटीतून विचारलं, "मंजुबा, झालं काय?"

आतून आवाज आला, "अमे नी जवाना." आम्ही जाणार नाही.

"कुठे जायचं म्हणालं कोण?"

"तारो राऊत. एणे चोख्खुं कह्युं." तुझ्या राऊतनेच, अगदी स्पष्ट.

राऊत कुंपणाजवळ उभा होता, चेहरा रडवेला. मी विचारलं, काय बोललास? म्हणाला, "ताई, मी तं धीरच देत होतो. मी म्हटलं, बा, तमारा घर खाली मशीन जशे, थोडा दिवस, चिंता नी करवानी. काऊन, काय चुकलं?"

माझ्या पोटात हसू मावेना. आपण मराठी माणसं घराखाली म्हणतो ते घराच्या खालून, या अर्थाने. राऊतला वाटलं, गुजरातीतही तेच. पण गुजराती माणसाला खाली म्हणजे रिकामं, एवढंच ठाऊक. खालच्याला ते नीचे म्हणतात. म्हणजे त्या बिचाऱ्या बायकांना ऐकू आलं, 'तुमचं घर रिकामं, मशीन येणार.' ध चा मा होतो म्हणतात तसंच झालं, आणि राऊतने ते एका घरात नाही, उत्साहाने सगळ्या शेरीत दारोदार सांगितलं होतं.

मी मध्ये उभी राहून मोठ्याने समजावलं. आमच्या भाषेत खाली म्हणजे नीचे. गाडी नीचेथी जशे. घर कोणाचं घेणार नाही. पहिल्यांदा कोणी हललं नाही. मग मंजुबांची पेटी सरकल्याचा आवाज आला, दार उघडलं आणि त्या राऊतकडे बघून म्हणाल्या, "तो नीचे केवाय ने, डीकरा." मग नीचे म्हणावं ना, पोरा. सगळी शेरी हसली. चहा झाला. राऊतने कानाला खडा लावला.

आणि दुसऱ्याच दिवशी साहेबांनी मला बोलावून सांगितलं की मंजुबांच्या घराची मागची भिंत आतून पोकळ निघालीय. मशीन जाईपर्यंत ते घर रिकामं करावं लागेल. शेरीतलं ते एकच.

आता सांगा, कोणत्या तोंडाने जायचं? काल म्हटलं, ती भाषेची चूक. आज म्हणायचं, चूक खरी झाली. मी रात्री जेवले नाही असं काही म्हणत नाही, चांगली जेवले, पण घास तोंडात फिरत होता. सकाळी गेले आणि सरळ सांगितलं. मी हॉटेलचं वर्णन केलं, गार हवेची खोली, बसल्या जागी जेवण. मंजुबा नुसत्या भिंतीकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुं जा."

मी उठले. बापूजी नेहमीसारखे पाणी द्यायला निघाले आणि राऊतच्या यंत्राची तिवई दाराशी ठेवली होती तिच्यात पाय अडकून धाडकन पडले. पेला गडगडत गेला. मी धावले. ते जमिनीवर हात फिरवत तिवई चाचपत होते, हे काय आहे, हे इथे काय आहे, असं पुटपुटत. तेव्हा मला कळलं. बापूजींना दिसत नव्हतं.

माझ्यासारखी घारीच्या नजरेची बाई, इतके महिने त्या घरात जात होते आणि मला कळलं नव्हतं. कारण त्या घरात मटका, झोपाळा, खुंटी, सगळं वर्षानुवर्षं एकाच जागी. हलवलेली एकच वस्तू होती आणि ती आमची होती.

मंजुबांनी त्यांना झोपाळ्यावर बसवलं आणि मला स्वयंपाकघरात नेलं. साखरेने डोळे गेले त्याला बरीच वर्षं झाली, म्हणाल्या. मध्ये एकदा दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथे न्हाणीघर सापडेना, पाण्याचा तांब्या सापडेना. पलंगाचा दांडा धरून बसून राहिले. घरी आणल्यावरही कितीतरी दिवस झोपाळ्यावरून उठले नाहीत, घरसुद्धा विसरल्यासारखे. "घेर ए मरद छे," मंजुबा म्हणाल्या, "बहार ए पोटलुं." घरी मर्द, बाहेर नुसतं गाठोडं. आणि पदराने डोळे पुसले. ती बाई रडेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मलाही भरून आलं, लपवत नाही.

आता दोन्हीकडून कात्री. नेलं तर बापूजी परत पोटलं होणार. न नेलं तर भिंतीचा भरवसा नाही, आणि भिंत अशी की तिच्याच बाजूला त्यांचा झोपाळा.

त्या तंद्रीत मी शेरीच्या टोकाला लताकडे गेले. लता शिरपूरची, नवरा कापड मार्केटात साड्यांच्या पॅकिंगला. शेरीत मराठी घर ते एकच, भाड्याने. माझं हक्काचं चहाचं ठिकाण. बोलत बोलत मी ओटला चढले, उंबरा ओलांडला, आणि न बघता डावीकडे वळून दादराच्या पायरीवर बसले. बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मी मंजुबांकडे जशी बसते तशीच बसलेय. वर बघितलं. छताला तशाच दोन लोखंडी कड्या. त्यात लताने धाकटीची झोळी अडकवली होती.

"लता, हे घर कोणाचं व पहिलं?"

"त्या मंजुबास्ना चुलत सासरानं. दोन्ही भाऊस्नी एकसारखा घरं बांधेल शेत. मंग यास्नी इकी टाकं." दोन भावांनी एकसारखी घरं बांधली आणि चुलत सासऱ्यांनी आपलं विकून टाकलं. आणि हे घर आमच्या बोगद्याच्या वाटेत येत नव्हतं.

मी तिला सगळं सांगितलं. लताने भुवया चढवल्या. मंजुबा आणि तिचं बोलणं नव्हतं. तिच्या सुक्या बोंबलांच्या वासावरून एकदा सगळ्या शेरीदेखत वाजलं होतं. "त्या मना उंबरा चढतीन का?" म्हणाली. मग थोडा वेळ झोळीला झोका देत राहिली. "पन म्हातारा मानूस शे. लई ये त्यास्ले. मी तवलोंग वरण-बट्टीच करसू." घेऊन ये त्यांना, तोवर बोंबील बंद.

मंजुबांना तयार करायला मला लताच्या होकारापेक्षा जास्त वेळ लागला. वास, सोवळं, लोक काय म्हणतील. तोडगा बापूजींनी काढला. झोपाळ्यावरून म्हणाले, त्या घराच्या दादरावरून मी लहानपणी पडलोय, मला ते घर माहीत आहे. झालं.

साहेबांचं म्हणणं, आपल्याकडे हॉटेल ठरलेलं आहे, असं शेजारी पाठवायची सोय नाही. मी म्हटलं, साहेब, एकदा येऊन बघा. ते आले. बापूजींनी त्यांना पाणी दिलं. पेला रिकामा करून साहेब जाताना म्हणाले, "ठीक आहे, करा. मी बघतो."

मग जी हलवाहलव झाली ती बघायला हवी होती. माणसं हॉटेलात न्यायची तर एक पिशवी पुरते. इथे आख्खं घर शेरीतून चाललं होतं. राऊत डोक्यावर झोपाळ्याची फळी घेऊन पुढे. त्याने स्वतःच मागून घेतली, म्हणाला, "ताई, आग मीच लावली, मीच वाहतो." लताने झोळी काढली, कड्यांत झोपाळा लागला. मंजुबा दारात उभ्या राहून हुकूम सोडत होत्या, मटकुं अहीं, खुंटी त्यां, पाटलो जरा आघो. लता निमूट ऐकत होती आणि मध्येच म्हणाली, "बा, तुमना घरमा भी इतलाच पसारा शे का?" मंजुबांना अहिराणी कळली नाही, सूर कळला. त्या हसल्या.

निघताना एक अडचण आली. मंजुबांच्या घराला कुलूपच नव्हतं. ते घर कधी रिकामं राहिलंच नव्हतं, तर कुलूप कशाला? शेवटी लताने आपलं दिलं. मंजुबांनी ते लावलं, तीनदा ओढून बघितलं आणि किल्ली कनवटीला खोचली.

बापूजी लताच्या ओटल्याशी थांबले. पायाने पायरी चाचपली. चढले. उंबऱ्याला हात लावला. मग मंजुबांचा हात सोडून आत गेले, झोपाळा ओलांडून कोपऱ्यात, आणि मटक्यावरचं झाकण उचललं. लता, मी, राऊत, सगळ्यांना एकेक पेला पाणी दिलं. मला तहान नव्हती तरी मी दोन पेले प्यायले.

मशीन त्यांच्या घराखालून गेलं तो दिवस. बापूजी सकाळपासून झोपाळ्यावर पाय जमिनीला टेकवून बसले होते. पोरासारखी उत्सुकता. मला दर थोड्या वेळाने विचारत, आलं? राऊत बाहेर यंत्राला डोळा लावून उभा. मंजुबा माळ ओढत होत्या. दुपारी राऊतने येऊन सांगितलं, "गेलं पुढे. भिंत जागेवर हाये." बापूजींचा चेहरा पडला. म्हणाले, "बस? आटलुंज?" त्यांना वाटलं होतं निदान भांडी तरी वाजतील.

थोड्या दिवसांनी, आमच्या लोकांनी भिंतीचं पोट भरून दिल्यावर, दोघं घरी परतली. मंजुबांनी आधी जाऊन काच बघितली. सबंध होती. दोन्ही हात काचेवरून फिरवून त्यांनी कानशिलावर बोटं मोडली, जशी नातवाची दृष्ट काढतात तशी. लताने पहिल्यांदा त्यांच्या स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं. बोंबलांबद्दल तह झाला तो असा की वारा शेरीच्या दुसऱ्या तोंडाकडे असेल त्या दिवशीच. बापूजी तर आता रोज दुपारी एकटे काठी टेकत लताकडे जाऊन येतात. एकाऐवजी दोन घरं झाली त्यांना.

शेरीच्या बोलण्यातही बदल झाला. आता तिथल्या गुजराती बायका नातेवाइकांना फोनवर ठसक्यात सांगतात, "अमारा घर खाली मेट्रो छे." पलीकडचे गोंधळले की या हसतात. राऊतला मी म्हटलं, बघ, तू गुजराती शिकला नाहीस, त्यांना मराठी शिकवलीस.

माझं त्या टप्प्याचं काम संपलं. पुढे मार्ग आमच्या बाजूला वाढवतील का, असं गोडादऱ्यात जो तो मला विचारतो. मला कोण सांगणार? पण वाढला तर एक दिवस कोणी पोपटी जॅकेटवाली माझं दार वाजवेल, आणि मी तिला आधी चहा पाजीन, एवढं ठरवून ठेवलंय.

परवा चंदी पडव्याला, म्हणजे कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, मंजुबांनी घारी, ही इथली तुपातली माव्याची मिठाई, खायला बोलावलं. लता होती. बोलणं गाडीवर आलं. लताचा नवरा म्हणाला, बोगद्यातून जायचं म्हणजे बघायला काय मिळणार, नुसता अंधार. बापूजी म्हणाले, मग मला काय फरक पडतो, तिकीट सगळ्यात आधी माझं काढा. आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बेन, गाडी आपणा घर खाली आवे त्यारे मने केजो. मंजुने हाक मारवी छे." घराखाली आली की सांग, तिथून वर मंजुला हाक मारीन.

मंजुबा घारीचे तुकडे करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हाक कोने मारशो? घर तो खाली हशे. हुं तमारी बाजूमां बेठी होईश." घर तर रिकामं असेल, मी गाडीत तुमच्याच शेजारी बसलेली असेन.

कुलूप लताचंच लावायचं, तेही त्यांनी ठरवून ठेवलंय.